तुम्ही विचारलंत म्हणून: हात कसा धजावला?

कुर्ल्याला सीएसटी रोडवर माझं जुन्या पार्टचं दुकान आहे. गल्ल्यामागे माझदा आरएक्स-८ या जपानी स्पोर्ट्स गाडीचा फोटो लावलाय. तो बघून गिऱ्हाईक विचारतंच, "इतकी देखणी गाडी खोलून सुटी सुटी विकलीत? हात कसा धजावला?"

धजावत नव्हताच. माझदाने ही गाडी आपल्याकडे विकली नाही, मालकांनी हौसेने बाहेरून आणवली होती. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, ती कलिन्यात तळघरात उभी होती. पुढे कित्येक महिने ती तशीच झाकून ठेवलेली. माझ्याकडे आली तेव्हा एंजिन जाम.

या एंजिनात पिस्टन नसतो. ६५४ सीसीची दोन घरं, प्रत्येकात एक तिकोनी रोटर फिरतो, आणि त्याच्या तिन्ही टोकांना बोटभर लांबीची सील, म्हणजे आतला वायू निसटू न देणाऱ्या पट्ट्या, असतात. त्या सीलवर सगळा जीव. घराची भिंत अॅल्युमिनियमची, पण रोटर आणि बाजूच्या जाड प्लेटी बिडाच्या, आणि बीड पाण्यात राहिलं की गंजणारच. आम्ही उघडलं तेव्हा रोटर प्लेटीला धरून बसला होता. लाकडाचा ठोकळा लावून ठोकला तेव्हा सुटला, खाली तपकिरी भुगा पडला. एक सील खाचेतून काढताना मधूनच तुटलं. तिथेच मी मालकांना फोन केला. दुसरं एंजिन मिळालंही असतं, पण वायरिंगमध्ये गटाराचं पाणी शिरलेलं. आज एक जोड साफ करावा तर सहा महिन्यांनी दुसरा हिरवा पडणार. अशी गाडी भर रस्त्यात बंद पडते.

गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आला, मगच पाना लावला.

चाकं आधी गेली. ५ नट, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर, हे माप पुष्कळ जपानी गाड्यांना चालतं. मधल्या भोकाचं माप मात्र कंपनीगणिक वेगळं असू शकतं, म्हणून गिऱ्हाइकाला गाडी घेऊनच बोलावलं आणि रिंग घालून बसवून दिली. काचा, आरसे, मागचे दिवे धुऊन पुसून विकले. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर दुधाळ निघालं. तो विकला, पण पावतीवर "पाण्यात बुडालेल्या गाडीचा" असं लिहून.

एअरबॅग आणि सीटबेल्ट विकले नाहीत. चांगली किंमत द्यायला एकजण तयार होता. मी बेल्ट रिळातून पूर्ण ओढून त्याच्यासमोर धरला. वरचा भाग नव्यासारखा, आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ. अपघातात तो बेल्ट कुणाच्या तरी छातीवर ताणला जाणार होता. मी रीळ कापूनच टाकलं. (तुम्हीही जुनी गाडी घ्याल तेव्हा बेल्ट असाच शेवटपर्यंत ओढून बघा.)

सगळ्यात शेवटी गेला मागचा डावा दरवाजा. या गाडीला मधला खांब नाही. मागचा छोटा दरवाजा उलटा उघडतो, तोही पुढचा उघडल्यावरच, आणि वर-खाली दोन कुलपांनी बसतो. ठाण्याच्या एका मुलाच्या गाडीचा तोच दरवाजा चेपला होता. तो अॅल्युमिनियमचा, पत्र्यासारखा ठोकून सरळ होत नाही. अख्खी दुपार आम्ही बिजागरीखाली पातळ वॉशर घालत, काढत बसलो. संध्याकाळी दोन्ही कुलपं एकदम लागली. त्या मुलाने दरवाजा पुन्हा उघडला, पुन्हा लावला. मग मोबाइलवर गाडीचा फोटो काढला आणि मलाही पाठवला. भिंतीवर आहे तो हाच. माझ्याकडच्या गाडीचा नाही, त्याच्या चालत्या गाडीचा.