नख अडकतंय म्हणजे काम आहे

आजचा दिवस कानशीनेच खाल्ला. सकाळी पायपर, आमचं छोटं शिकवणीचं विमान, उतरलं ते प्रोपेलरला खाच घेऊनच. पात्याच्या पुढच्या कडेला, टोकाकडे, ज्वारीच्या दाण्याएवढी. विद्यार्थी म्हणाला, "सर, एवढंसंच तर आहे!" अरे बाबा, मिनिटाला २४०० फेऱ्या फिरताना सगळा ताण त्या खाचेच्या तळाशी गोळा होतो, तडा तिथूनच जातो. मग पात्याच्या लांबीच्या दिशेने कानस, त्यावर पॉलिश पेपर, नख अडकेनासं होईपर्यंत. शेवटी तड्यात मुरून तो दाखवणारा लाल डाय लावून तडा नाही ना, ते बघितलं. घासणं मर्यादेत बसलं, नशीब!

पंखाला, फ्लॅपच्या (मागच्या कडेच्या हलत्या भागाच्या) खालून, पोचा आहे. तो चाकाने उडवलेला खडा. पत्रा फाटलेला नाही, रिव्हेट घट्ट. नोंद करून सोडलं.

खडीवर उभं राहून फुल पॉवर देऊ नका, प्रोपेलर खालचे खडे वर ओढतो, हे किती वेळा ओरडायचं? उद्या रन-अपची (उड्डाणाआधी इंजिन तपासायची) जागा झाडायला या विद्यार्थी साहेबांनाच उभं करतो.