फ्रीजरच्या रजिस्टरमधली एक नोंद

गेल्या एप्रिलमध्ये ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या, एका बाटलीवर पाचव्या दिवशी मशीनचा दिवा लागला. फॉर्मवर 'ताप' एवढा एकच शब्द. सोलापुरात ११ वर्षं मायक्रोबायॉलॉजीचं काम करतेय आणि डॉक्टरमंडळींना सारखी विनवते, की रुग्ण काय काम करतो, घरी जनावरं आहेत का, एवढं तरी लिहा. त्यावर माझ्या माणसांचा जीव असतो. कोणी लिहीत नाही.

स्लाइडवर बारीक गुलाबी ठिपके, रंग नीट धुतलाच नाही असं वाटावं इतके बारीक. प्लेटवर २४ तास काहीच नाही, ४८ तासांनी टाचणीच्या टोकाएवढी वाढ. टेक्निशियनने टेबलावरच प्लेट उघडून नाकाशी नेली. वास घेऊन जंतू ओळखायची ही सवय आम्हा सगळ्यांना जुन्या शिक्षकांनी लावलेली. मग कॅटलेज टेस्ट, म्हणजे पेरॉक्साइडचे बुडबुडे फुटून तुषार हवेत उडणार. युरीएजची नळी काही मिनिटांतच गुलाबी झाली तेव्हा त्याने हाक मारली, "मॅडम, जरा बघता का?"

ब्रुसेला. जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचा जंतू. श्वासातून थोडेसे गेले तरी पुरतात. असे जंतू हाताळायचं फिल्टरवालं कपाट, बायोसेफ्टी कॅबिनेट, आमच्याकडे आहे, पण फिल्टर तपासून घ्यायची फाइल वर्षभर सहीसाठी पडून होती, म्हणून सगळं उघड्यावर चाललेलं. खोलीत चौघं होतो. चौघांनाही २१ दिवस डॉक्सी आणि रिफॅम्पिसिन ही अँटिबायोटिक्स, आणि २४ आठवडे ठरावीक अंतराने रक्ततपासणी. टेक्निशियनची मुलगी आठ महिन्यांची. तो पहिले काही दिवस तिला उचलून घेत नव्हता. तिला काही होणार नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं.

रुग्णाला मी स्वतः जाऊन भेटले. सांगोल्याकडचे मामा, दहा-बारा उस्मानाबादी शेळ्या. जानेवारीत एक शेळी गाभडली, जार अडकला, तो यांनी नुसत्या हाताने ओढून काढला. "हातमोजे कुठनं आणायचे, मॅडम?"

आता तो जंतू ठेवायचा की मारायचा? ओळखीचे एक पशुवैद्यक म्हणाले, "मारू नका. आपल्याकडे रक्ततपासणीवरच भागवतात, जिवंत जंतू हाती लागतो कुठे?" त्यांचं म्हणणं मला पटत होतं. वासरांना देतात ती ब्रुसेलाची एस-१९ लस अशाच एका जंतूपासून आली. १९२३ साली अमेरिकेत गायीच्या दुधातून काढलेला तो जंतू प्रयोगशाळेत वर्षभर तसाच पडून राहिला आणि सौम्य झाला. कोणी तो फेकला असता तर? शिवाय क्षयासाठी आपल्याकडे इतकं रिफॅम्पिसिन दिलं जातं, इथल्या ब्रुसेलावर ते अजून चालतं का, हे इथल्याच जंतूवर तपासावं लागेल.

पण लांझोऊही डोक्यातून जात नव्हतं. २०१९ मध्ये चीनमधल्या त्या शहरात जनावरांसाठी ब्रुसेलाची लस करणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं. बाहेर सोडलेल्या हवेतून जंतू पसरले आणि दहा हजारांहून जास्त लोकांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा सापडल्या. लस उपयोगाचीच होती. चूक जंतुनाशकाच्या डब्यात होती, आणि आमची त्या फाइलमध्ये.

तीन दिवस ती नळी कुलूपबंद फ्रीजरमध्ये होती, किल्ली माझ्या पर्समध्ये. मोठ्या प्रयोगशाळेकडे नियमाप्रमाणे तिहेरी पॅकिंग करून पाठवायची परवानगी मागितली. वरून उत्तर आलं, "आपल्या नावावर नको." चौथ्या दिवशी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र, लावला. १२१ अंश. टेपवर काळे पट्टे उमटेपर्यंत मी तिथेच उभी होते.

चौघांचेही सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. कॅबिनेटची तपासणीही झाली, या प्रकारानंतर पंधरा दिवसांत. तीच सही आधी मिळाली असती तर मी तो जंतू मारला नसता, हे मला आज स्वच्छ दिसतं.

जूनमध्ये मामा दाखवायला आले. ताप गेलेला, कंबरदुखी थोडी बाकी. म्हणाले, अजून दोन शेळ्या गाभडल्या. मग अगदी सहज विचारलं, "माझ्या रक्तात सापडला न्हवं का तो किडा? त्यातनं शेळ्यांसाठी काय निघालं का?"

रजिस्टरमध्ये त्या नंबरपुढे 'नष्ट केला' असं माझ्याच अक्षरात आहे, खाली सही. मी मामांना हातमोज्यांचा एक डबा दिला आणि ते कसे घालायचे, कसे काढायचे, ते दोनदा करून दाखवलं.