विंडोजवरून लिनक्सवर: अडलं ते अक्षरांत

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला नेहमीचे मोफत अपडेट मिळणार नाहीत हे आधीपासून ठाऊक होतं. माझ्या मशीनमधला इंटेल प्रोसेसर सहाव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही. मशीन मात्र ठणठणीत. कुडाळात बसून मी होमस्टेचे थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे घरात फिरून आल्यासारखे व्हिडिओ, करतो: जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, पडवी, अंगणात तुळशीवृंदावन. जोडीला आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि मंडळांचे बॅनर. एवढ्यासाठी चालतं मशीन भंगारात घालणं जिवावर आलं, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायचं ठरवलं.

लिनक्स चढवणं मात्र मुद्दाम लांबवलं. आधी काही महिने विंडोजवरच थ्रीडीच्या ब्लेंडरसोबत चित्रांसाठी क्रिता, फोटोंसाठी गिंप आणि लेबलांच्या रेखाटनासाठी इंकस्केप वापरले. हे चारही दोन्हीकडे चालतात. हातांना नवे शॉर्टकट बसले, मग खालची सिस्टिम बदलली. सॉफ्टवेअर आणि सिस्टिम दोन्ही एकाच आठवड्यात बदलायला निघालेली माणसं महिन्याभरात परत फिरतात, असं माझं निरीक्षण आहे. वेळ निवडली आंबा संपल्यावरची, जूनची. पावसात होमस्टेवाले फोन करत नाहीत.

इन्स्टॉल करण्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारी सोय) चालू असेल तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर घातल्यावर पुढच्या बूटला एक निळा पडदा येतो आणि तुम्हीच ठरवलेला पासवर्ड विचारतो. तो पडदा घाईत पुढे ढकलला तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि ब्लेंडरला ग्राफिक्स कार्डच दिसत नाही. दुसरं म्हणजे, विंडोज शेवटचं बंद करण्याआधी त्यातलं फास्ट स्टार्टअप काढून टाकावं, नाहीतर जुन्या डिस्कवरच्या फायली लिनक्सला फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत.

ब्लेंडर तर इन्स्टॉलही करावं लागत नाही. संकेतस्थळावरून उतरवायचं, उलगडायचं, चालवायचं. फाईल तीच उघडते. पहिल्याच फाईलमध्ये जांभ्याच्या भिंती भडक गुलाबी आल्या, कारण टेक्स्चरचे, म्हणजे भिंतीवर चढवायच्या चित्रांचे, पत्ते ‘डी’ ड्राइव्हचे होते आणि लिनक्सला ‘डी’ माहीत नाही. शिवाय लिनक्स फाईलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर वेगळं धरतो. यावर सोपा उपाय म्हणजे विंडोजवर असतानाच ब्लेंडरमध्ये ‘पॅक रिसोर्सेस’ करून सगळी टेक्स्चर फाईलच्या पोटात घालणं. फाईल फुगते, पण नंतर शोधाशोध नको.

खरं काम पडलं ते मराठी अक्षरांचं. होमस्टेच्या कमानीवर थ्रीडीत नाव लिहायचं असतं. आजवर ते मी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहीत आलो. त्या फॉन्टमध्ये वेलांटी, रफार, अर्धं अक्षर हे सगळे सुटे तुकडे असतात आणि दिसतात त्याच क्रमाने टाईप होतात, म्हणून ब्लेंडरमध्येही नीट बसायचे. टायपिंगचं ते सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, जोडाक्षर जुळवायचं काम फॉन्ट आणि प्रोग्रॅम मिळून करतात, आणि माझ्याकडच्या ब्लेंडरमधला टेक्स्ट ऑब्जेक्ट ते करत नाही. ‘रत्नागिरी’तली वेलांटी ‘ग’च्या आधी न येता नंतर जाऊन बसते, ‘त्न’ फुटतो.

तोडगा मिळाला इंकस्केपमध्ये. तिथे जोडाक्षरं बिनचूक जुळतात. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ या मोफत फॉन्टांत नाव लिहायचं, अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसत्या आकाररेषा, करायचे, एसव्हीजी या रेखाचित्राच्या फाईलमध्ये ठेवायचं आणि ब्लेंडरमध्ये आणून जाडी द्यायची. नंतर स्पेलिंग बदलता येत नाही, त्यामुळे मालकाकडून नाव आधी व्हॉट्सॲपवर पक्कं करून घेतो. जुन्या लेबलांचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला, पण डोळ्यांत तेल घालून वाचावा लागला. ‘किनाऱ्यावर’चं ‘किनार्यावर’ होऊन येतं आणि प्रूफात कुणाच्या नजरेला पडत नाही.

मग प्रेस. आमच्याकडे प्रेसवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “कोरलची फाईल आहे ना, भाऊ?” कोरलड्रॉ हे प्रेसवाल्यांचं नेहमीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर नाही. माझ्याकडच्या इंकस्केपची पीडीएफ आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत, निघते. अशी पीडीएफ छपाईला गेली की काळी अक्षरं बहुधा चारही शाईंत मिळून छापली जातात, आणि प्लेट केसभर सरकली तरी बारीक मजकुराला रंगीत कडा येतात. म्हणून लेबल शेवटी स्क्रायबस या छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेतो, मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा करतो आणि अक्षरं कर्व्ह करून (आकाररेषांत बदलून) सीएमवायकेची, म्हणजे छपाईच्या चार शाईंची, पीडीएफ देतो. प्रेसवाला आता कोरल मागत नाही. देवगडच्या एका बागायतदारांना ही सगळी कहाणी सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “तुझा ता काय ता माका कळना नाय, पेटयेर आंबो केशरी दिसाक होयो.” त्यांचंही बरोबर. लिनक्सवर स्क्रीनचं कॅलिब्रेशन होतं, पण हमी फक्त छापील प्रूफाची.

व्हिडिओत एक तडजोड केली. डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ या प्रकारचे व्हिडिओ उघडत नाही, आणि गिऱ्हाईक फोनवरून किंवा ड्रोनवरून पाठवतं ते बहुतेक तेच. सगळं दुसऱ्या प्रकारात बदलून घेता येतं, पण डिस्क भरते. माझं काम केडेनलाइव्ह या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर भागतं.

विंडोजची जुनी डिस्क फॉरमॅट केलेली नाही. इंटरनेट न जोडता ती अधूनमधून चालू करतो, जुन्या गिऱ्हाइकाची कोरल फाईल पीडीएफ करून घेण्यापुरती. स्केचअप हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आर्किटेक्टना मॉडेल एफबीएक्समध्ये, म्हणजे ब्लेंडरला उघडता येणाऱ्या फाईलमध्ये, पाठवायला सांगतो. बहुतेक जण पाठवतात, एक-दोघांना दर वेळी आठवण करावी लागते.