कार्ड मंठ्याचं, धान्य वाघोलीत

आमचं रान जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात, कोरडवाहू. सोयाबीन निघालं की हंगाम संपला. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, आमचा माल चार हजारांच्या आसपास गेला. दुकानदाराची बी-खताची उधारी फिटली, बाकी काही उरलं नाही. गावात गड्याला ४०० रोज, बाईला २५०, पण काम महिन्यातून जेमतेम दहा-बारा दिवस. दिवाळीनंतर पोरांना घेऊन पुण्याजवळ वाघोलीला आलो.

इथे नवऱ्याला बांधकामावर ६५० रोज, मला सोसायटीत साफसफाईचे महिना ११,०००. कमाई दुपटीवर गेली, तरी महिनाअखेर हात रिकामाच. खोलीभाडं ४,५००. सरपण, पाणी, भाजी यांना पैसे लागतात हे गावी कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यात गहू-तांदूळ विकत. आमचं रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे माणशी ५ किलो धान्य, २०२३ पासून फुकट. ते आमच्या नावाचं धान्य गावीच पडून राहायचं.

इथल्या रेशन दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "कार्ड जालन्याचं आहे, तिकडेच घ्या." हे खरं नाही. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत कार्ड देशात कुठल्याही रेशन दुकानात चालतं. मी योजनेच्या हेल्पलाइनला, १४४४५ वर फोन लावला, माहिती घेतली आणि दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या दादांनी कार्डाचा १२ अंकी नंबर मशीनवर टाकला. नवऱ्याचा अंगठा काही केल्या लागेना, सिमेंटने बोटांच्या रेषाच गेल्यात. कार्डावरच्या कुणाचाही आधार जोडलेला असला की पुरतं, म्हणून मी अंगठा दिला.

माझी खरी काळजी सासू-सासऱ्यांची होती. तेही याच कार्डावर, पण गावी. आम्ही इथे उचललं तर त्यांचं बुडेल का? तसं होत नाही. आम्ही चौघांचं २० किलो इथे घेतो, त्यांचं १० किलो ते तिकडे घेतात. मात्र सगळ्यांचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालेलं हवं. सासूबाईंचा ठसाही उमटत नव्हता, तेव्हा पुतण्याने 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून ते केलं.

महिन्याला सहा-सातशे रुपये वाचू लागले. तेवढ्यात थोरलीची वह्या-पुस्तकं आणि शाळेची रिक्षा भागते.

२०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित मोजले गेले. बाई नवऱ्याबरोबर आली की तिच्या नावापुढे स्थलांतराचं कारण बहुधा 'लग्न' किंवा 'कुटुंबासोबत' असं लागतं. मला ते पटत नाही. मी कामासाठी आले आहे, कमावते आहे, आणि पुढच्या जनगणनेत तसंच सांगणार आहे.

गाव सोडताना कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि सगळ्यांचं ई-केवायसी निघण्याआधीच उरकून घ्या.