वरळीकडे तोंड करून

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन जुन्या ॲन्टेना अजून उभ्या आहेत. खाऱ्या हवेने कांड्या पांढुरक्या पडल्यात, चपटी वायर अर्ध्यातच तुटून लोंबतेय. तोंड मात्र दोघींचंही वरळीकडेच.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते वरळीहून. तेव्हा टीव्हीचा कारभार आकाशवाणीच्याच हाताखाली होता. वेगळी चूल मांडली १९७६ साली. १९७३ मध्ये पुण्याला सिंहगडावरून प्रक्षेपण मिळालं आणि पुण्यातल्या गच्च्या गडाकडे वळल्या. (पुणेकरांना ते जरा जास्तच शोभलं.)

पुढे १९८२च्या १५ ऑगस्टपासून रात्री दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सगळ्या केंद्रांवरून लागू लागला. त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने रंगही आले. रंगांचं कौतुक आम्हीही केलं. पण रात्रीची वेळ दिल्लीकडे गेली, ती काही परत आली नाही. संध्याकाळ तेवढी आपली उरली.

आणि ती खरोखर आपली वाटायची. मराठी बातम्या वाचणारी माणसं याच शहरात राहणारी. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसत, हा किस्सा तर आता सगळ्यांना पाठ आहे. प्रदीप भिडे ‘नमस्कार’ म्हणाले की आमचे आजोबा हात जोडायचे. मनापासून.

पण माझ्या मते या केंद्राची खरी कमाल म्हणजे ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम. चॅनेल एकच, त्यामुळे ‘छायागीत’मधल्या सिनेमाच्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्यांनाही फवारणी, खतं, सुधारित बियाणं हे सगळं ऐकावंच लागे. सातबाऱ्यावर कधी नाव न लागलेली चाळीतली माणसं द्राक्षांवरच्या भुरी रोगाबद्दल काळजीने बोलायची. एवढ्या शेतकरी नसलेल्या लोकांनी शेतीचा कार्यक्रम एवढ्या निष्ठेने दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंनी तर तिथलंच ऐकून गॅलरीतल्या कुंडीतल्या मिरचीवर तंबाखूचं पाणी मारलं होतं. काका आठवडाभर तंबाखूची पुडी शोधत होते. मिरच्या लागल्या, चांगल्या जहाल.