सवाल कोणता, जवाब कायचा

डिसेंबर १९८४. पऱ्हाटीची वेचणी जोरात होती. ओसरीवर कापसाचा ढीग आणि त्याला टेकून बसलेले बाबा, कानाशी चामड्याच्या कव्हरातला रेडिओ. मी सातवीत होते. आपल्याकडे लोकसभेची धामधूम आणि तिकडे पाकिस्तानात जनरल झिया सार्वमत घेत होते.

झियांवर बाबांचा राग जुना. ५ जुलै १९७७ ला पंतप्रधान भुट्टोंना हटवलं, ९० दिवसांत निवडणूक घेतो म्हणाले आणि पुढच्या वर्षी स्वतःच राष्ट्रपती झाले. ज्या भुट्टोंनी लष्करप्रमुख केलं, त्यांना १९७९ च्या एप्रिलमध्ये फाशी झाली. आता १९ डिसेंबरला लोकांना विचारलं काय, तर देशाचे कायदे इस्लामला धरून करायला तुमचा पाठिंबा आहे का? देवाधर्माचा माणूस याला नाही कसं म्हणेल? आणि ‘हो’चा अर्थ आधीच ठरलेला: झिया आणखी पाच वर्षं राष्ट्रपती. तुम्हाला मी राष्ट्रपती हवा का, हे सरळ विचारलंच नाही.

बाबांनी रेडिओ बंद केला. “पोरी, सवाल कोणता अन् जवाब कायचा, हे पायत जाय.”

हे मला गेल्या उन्हाळ्यात आठवलं, पण उशिरा. ग्रामसभेत विचारलं, पाण्याची टाकी पायजे का? आमच्या गावात एप्रिलपासून बाया दीड कोस पाण्याला जातात. सगळ्यांनी हात वर केले, ठराव बुकात सह्या केल्या, म्हाताऱ्यांनी अंगठे लावले. माझीही सही आहे. महिन्याभरानं नक्कल काढली, तर टाकीच्या खाली आणखी चार ओळी: ई-क्लासची जमीन भाड्यानं द्यायला ग्रामसभेची मंजुरी. आमची ढोरं चरतात ती जमीन. अक्षर तेच, शाई मात्र जरा गडद. त्याच्या खाली आमच्या सह्या.

तक्रार दिली आहे. शेजारची काकू रडत म्हणाली, “माय, म्या तं पान्यासाठी आंगठा देल्ला होता वं.” तिच्या अंगठ्याला बोंडानं चिरलेली जुनी रेघ आहे, ती त्या ठशातही दिसते.

झिया १७ ऑगस्ट १९८८ ला बहावलपूरजवळ विमान पडून गेले. म्हणजे ११ वर्षं ते हटले नाहीत, मतपेटीनं तर नाहीच.

परवाच्या ग्रामसभेत मी ठराव मोठ्यानं वाचून घ्यायला लावला. मग शेवटच्या ओळीखाली जेवढी कोरी जागा होती, तेवढीवर तिरपी रेघ मारली आणि रेघेला खेटून सही केली. काकूनं अंगठा लावायच्या आधी मला विचारलं, “रेघ मारली नं?”