नीलम × हापूस: संकराच्या झाडांची पहिली फळं

क्र. 4 चं पहिलं फळ अढीतून काढून कापलं. देठापासून टोकापर्यंत केशरी गर, साक्याचा (गरात पडणाऱ्या पांढरट, स्पंजासारख्या भागाचा) मागमूस नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, 19. शेजारच्या क्र. 7 चे आईबाप तेच, पण गर फिका आणि रेषाळ, पिकूनही 13 च्या वर चढला नाही.

आईबाप गोड म्हणून प्रत्येक रोप गोड निघेल, हा हिशेब आंब्यात चालत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये रत्ना दिला: खायचा आंबा, साका नाही. पुढे त्याच जोडीतून कोकण रुची निघाला, तो लोणच्याचा. हापूसच्या जनुकांच्या जोड्यांतच भेद भरपूर, त्यामुळे प्रत्येक कोयीत वाटणी नव्याने होते. आईबापांच्या सरासरीवरून सगळ्या रोपांचा मिळून अंदाज बांधता येतो, एकेकट्या रोपाचा नाही.

लहान रोपांची चाळणी मी पानाच्या वासावर करतो. तांबूस कोवळी पालवी जून व्हायला लागली की एक पान चुरगळायचं. क्र. 4 च्या पानाला कैरी तोडताना देठाशी येतो तसा दरवळ होता, क्र. 7 चं पान नुसतं हिरवट. पानात आणि फळात दोन्हीकडे टर्पीन, म्हणजे वास देणारी द्रव्यं, असतात, म्हणून वासापुरता या चाचणीवर माझा भरवसा आहे. गोडी, रेषा, साका यांबद्दल मात्र पान काही सांगत नाही.

साका तर बाहेरून फळ बघूनही कळत नाही, कापावंच लागतं. शिवाय जमिनीच्या झळा आणि तोडणीची वेळ यांचाही त्यात हात असतो. त्यामुळे एवढ्या फळांवरून क्र. 4 ला साकामुक्त म्हणायची माझी तयारी नाही. पावसाळ्यात त्याच्या काड्या जुन्या रायवळावर (कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्यावर) मृदुकाष्ठ कलमाने, म्हणजे कोवळ्या फुटीवर कलम करून, चढवतो, म्हणजे दुसऱ्या मुळांवर, दुसऱ्या उन्हात तेच फळ येतं का ते दिसेल.

मोहोर आला की क्र. 4 वर पुन्हा हापूसचा पराग लावायचा आहे. रत्नाचा असाच हापूसशी संकर करून सिंधू झाला, पातळ कोयीचा. काम नाजूक: मोहोरात नर फुलंच जास्त, त्यातून संयुक्त फूल (नर आणि मादी दोन्ही भाग असलेलं) शोधायचं, त्यातला बहुधा एकुलता टपोरा पुंकेसर फुटण्याआधी चिमट्याने काढायचा, पराग टेकवायचा, पिशवी बांधायची. त्यातली बहुतेक फळं वाटाण्याएवढी असतानाच गळतात, म्हणून एका मोहोरावर थांबू नका, जमतील तितके मोहोर बांधा.